नाहरतलीच्या चुका

पूजेची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या पहिल्याच दिवशी नववीच्या तासाला तराली चेतिया दारात येऊन उभी राहिली आणि साठ मुलांसमोर मला म्हणाली, "बाइदेउ, तुम्ही मला इंग्रजी शिकवलंच नाहीत."

आमच्या आसामात शिक्षिकेला बाइदेउ म्हणतात. सत्तावीस वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं. नाहरतली हायस्कूलमध्ये इंग्रजी म्हणजे निरुपमा दुवरा, हे दिखौ नदीच्या दोन्ही काठांना ठाऊक होतं. मला स्वतःला तर पक्कंच ठाऊक होतं. शिवाय ही तराली काही ढ मुलगी नव्हती. तीन वर्षांपूर्वी मॅट्रिकला तिला इंग्रजीत अठ्ठावन्न मार्क पडले होते, आणि ते माझ्यामुळे पडले हे मी तिच्या वडलांच्या चहाच्या टपरीवर बसून, त्यांचाच फुकटचा चहा घेत, चार लोकांत सांगितलं होतं.

"आधी आत ये," मी म्हणाले. "दारात उभी राहून भांडू नकोस. तास संपला की बोलू."

"नाही बाइदेउ, आत्ताच बोलते. यांनाही कळू दे."

आणि ती बोलली. गुवाहाटीला एका नर्सिंगच्या शाळेत ती मुलाखतीला गेली होती. टेबलापलीकडे तिघं बसले होते, तिघंही बाहेरगावचे. त्यांनी तिला सांगितलं, समज वॉर्डात एक रुग्ण आहे, डॉक्टर फोनवर आहेत, रुग्णाची अवस्था त्यांना इंग्रजीत सांग. तरालीला वाटलं, एवढंच ना? घरात आजी तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं हिनेच केलेलं. तिने धडाधड सांगितलं, "सर, हिज फीव्हर इज क्लाइंबिंग. हिज हेड इज रोमिंग. हिज स्टमक इज वॉकिंग. ही ईट ओन्ली वॉटर."

"त्यातला एक जण एवढा हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले," तराली म्हणाली. "मला विचारतो, हे पोट चालत चालत कुठपर्यंत गेलं? मी म्हटलं, सर, यात चूक काय झाली ते सांगा. तर बाकीचे दोघंही हसायला लागले. चूक काय ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. आणि बाइदेउ, मला खरंच माहीत नव्हतं ते चुकलंय म्हणून. अजूनही माहीत नाही. ताप चढतोच ना? डोकं फिरतंच ना? हगवण लागली की पोट चाललं म्हणतोच ना आपण?"

मी वर्गाकडे पाहिलं. साठातलं एकही मूल हसलं नव्हतं. मला वाटलं, शहाणी आहेत, दुसऱ्याच्या फजितीला हसत नाहीत. मग एकेकाचा चेहरा नीट पाहिला. कुणी हसलं नव्हतं, कारण कुणाला त्यात चूक दिसलीच नव्हती. पहिल्या बाकावरच्या भृगुने तर हळूच शेजाऱ्याला विचारलं, "मग त्या पोटाने काय करायला हवं होतं?"

तरालीला मी शेवटच्या बाकावर बसवलं. तास कसाबसा संपवला. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीतल्या लोखंडी कपाटातून सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे काढले आणि जमिनीवर पसरून बसले. प्रत्येक पानावर माझ्या हातच्या लाल रेघा. शब्दाखाली रेघ, वाक्यावर काट, समासात प्रश्नचिन्ह. का, ते एकाही ठिकाणी लिहिलेलं नव्हतं. सत्तावीस वर्षं मी चुका दाखवत आले होते. मुलांनी त्या पाहिल्या, मान खाली घातली आणि पुढच्या परीक्षेत त्याच चुका पुन्हा केल्या. मी त्यांना आळशी म्हटलं. पास व्हायला हवं म्हणून दहा निबंध आणि पाच पत्रं पाठ करून घेतली. तरालीचे अठ्ठावन्न मार्क त्या पाठांतराचे होते.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी प्रथमच नजरेस आली. साठ पेपरांत मिळून चुका शेकड्यांनी होत्या, पण प्रकार मोजले तर तीस-पस्तीसच. सगळी मुलं ठरवून चुकल्यासारखी एकाच जागी चुकत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सायकल चौकाकडे वळवली. डिंबेश्वर चेतियांची टपरी तिथे आहे. तराली ग्लास विसळत होती. मला पाहून तिने मान फिरवली. डिंबेश्वर मात्र हात जोडत पुढे आले.

"बाइदेउ, पोरगी काल काहीबाही बोलली म्हणे. लहान आहे, मनावर घेऊ नका."

"मनावर घेतलंय. म्हणून तर आले. उद्यापासून तिला शाळेत पाठवा."

"शाळेत? बारावी पास झालेल्या पोरीला नववीत बसवू? लोक मला काय म्हणतील?"

"ती शिकायला नाही येणार. चुका गोळा करायला येणार आहे."

"चुकांना काय तोटा!" डिंबेश्वर म्हणाले. "दोन पोती माझ्याच घरून न्या."

तराली ग्लास ठेवून जवळ आली. "बाइदेउ, माझी एक अट आहे. चूक सापडली की कारण सांगायचं. 'इंग्रजीत असंच असतं' हे उत्तर चालणार नाही."

"आणि मला कारण माहीत नसेल तर?"

"तर तुम्ही म्हणायचं, मला माहीत नाही. शोधून सांगते."

वर्गासमोर असं म्हणायची मला सवय नव्हती. पण मी कबूल झाले आणि तिने पुढे केलेला कोरा चहा प्यायले. त्या चहाचे पैसे मात्र दिले.

तराली शेवटच्या बाकावर जाड वही घेऊन बसायला लागली. मुलं बोलतील, लिहितील, फळ्यावर येऊन चुकतील ते सगळं ती टिपून घ्यायची. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसून आम्ही दोघी ते निवडायचो. तिची पद्धत साधी होती. इंग्रजी वाक्य घ्यायचं, ते मुलाच्या मनात आधी असमियात कसं आलं असेल ते शोधायचं आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडायची. मांडलं की चूक आपोआप उलगडायची.

आम्ही पाणी खातो. चहाही खातो आणि विडीसुद्धा खातो. एकच क्रियापद सगळ्याला पुरतं. त्यामुळे मुलाने 'आय एट वॉटर' लिहिलं तर तो मूर्ख नाही, तो फक्त आपल्या भाषेशी इमान राखून आहे. आम्ही दोन पुस्तक म्हणतो, पुस्तकं म्हणत नाही. दोन म्हटल्यावर ती अनेक आहेत हे ऐकणाऱ्याला कळलंच, पुन्हा शब्दाला शेपूट कशाला? म्हणून 'टू बुक'. आमच्याकडे तो जातो आणि ते जातात यांना क्रियापद एकच. म्हणून एकदा 'ही गो' आणि एकदा 'दे गोज', नाणं उडवल्यासारखं. आणि आम्ही च लिहितो पण बोलताना स म्हणतो. या सवयीने भृगुला एकदा चांगलंच गोत्यात आणलं. रविवारी काय केलंस, यावर त्याने ऐकल्याबरहुकूम लिहिलं की मी दुपारभर काकांकडे टीव्ही धूत होतो. पाहण्याचं 'वॉच' आणि धुण्याचं 'वॉश' त्याच्या कानाला एकच होतं. पूर्वी मी त्याच्यावर लाल फुली मारली असती. त्या दिवशी त्याला जीभ टाळूला कुठे लावायची ते करून दाखवलं. वर्गातल्या साठ जिभा टाळूला लागल्या. शेजारच्या वर्गातून गणिताचे सर बघायला आले, इथे काय चाललंय म्हणून.

मुलं वाद घालू लागली. ही माझ्यासाठी नवलाची गोष्ट होती. पूर्वी इंग्रजीच्या तासाला शेंगदाणा पडला तरी ऐकू यायचा. एकदा मी सांगत होते की 'डिड' आल्यावर पुढे 'वेंट' नको, 'गो' पुरे, कारण भूतकाळ 'डिड'ने सांगून टाकला. भृगु उठला.

"बाइदेउ, परवा तुम्ही म्हणालात, दोन म्हटलं तरी पुस्तकाला पुन्हा शेपूट लावा, दोनदा सांगा. आज म्हणता काळ एकदाच सांगा. ही भाषा ठरवून छळते का आपल्याला?"

मला हसू आलं. मागून तराली माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "शोधून सांगते."

आकाश कोसळलं नाही. भृगु म्हणाला, "बरं," आणि खाली बसला.

मग माझीच पाळी आली. कार्तिक संपत आला होता. तराली एका संध्याकाळी शाळेचा जाडजूड शब्दकोश मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, "बाइदेउ, तुम्ही 'डिस्कस अबाउट' शिकवता ना?"

"शिकवते. का?"

"यात फक्त 'डिस्कस' आहे. 'अबाउट' कुठेच नाही. मी चार शब्दकोश पाहिले. दोन इथले, एक कॉलेजातला, एक पोस्टमास्तरांच्या घरचा."

मी तिच्या हातातून कोश ओढूनच घेतला. पान तेच होतं. उदाहरणं सहा होती, आणि सहांतही 'अबाउट' नव्हतं. आमच्या भाषेत चर्चा एखाद्या विषयावर होते, विषयाबद्दल होते. तो 'बद्दल' मी उचलून इंग्रजीत नेऊन ठेवला होता. माझ्या बाइदेउंनीही तसंच शिकवलं असणार, आणि त्यांच्या सरांनी त्यांना. हिशोब केला. सत्तावीस वर्षं, दरवर्षी साधारण शंभर मुलं. त्यांतली कितीतरी आता स्वतः शिक्षक होती.

"वहीत लिहू का?" तरालीने विचारलं. तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, याचं मला आजही कौतुक वाटतं.

"लिही. आणि समोर नाव घाल. दुवरा बाइदेउ."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते स्वतः फळ्यावर लिहिलं आणि खाली सही केली. मग एक मुलगी म्हणाली, "बाइदेउ, तुम्हाला किती मार्क कापायचे?" आणि जो हशा पिकला तो मी थांबवला नाही. त्या दिवसानंतर माझ्या वर्गात चूक लपवायची कुणाला गरज वाटली नाही. कागदाच्या चिठ्ठ्या आपणहून टेबलावर येऊन पडायला लागल्या.

माघ बिहूच्या आधी आम्ही वहीतल्या चुका मोठ्या तपकिरी कागदांवर उतरवल्या आणि नववीच्या भिंतीवर डकवल्या. डावीकडे आमच्या भाषेतलं वाक्य, मध्ये मुलांनी केलेलं इंग्रजी, उजवीकडे बरोबर इंग्रजी, खाली कारण. एकूण त्रेचाळीस.

ते कागद पाहून मुख्याध्यापक लीलाकांत सर अस्वस्थ झाले. माणूस सज्जन. पण पाठांतरावर त्यांचा गाढ विश्वास, आणि शाळेचा निकाल ही त्यांची दुखरी नस.

"दुवरा बाइदेउ, भिंतीवर चुकीचं इंग्रजी? मुलं रोज तेच वाचणार, तेच डोक्यात बसणार."

"ते डोक्यात आहेच, सर. मी फक्त बाहेर काढून लटकवलंय."

"मॅट्रिकला तीन महिने राहिलेत. दहावीकडून निबंध पाठ करून घ्या. पूर, शाळेतला पहिला दिवस, माझं ध्येय. इतकी वर्षं त्यावरच तरलो आपण."

"पण सर, त्यावर तरलो कुठे? गेल्या वर्षी एकतीस जण इंग्रजीत आपटले."

सराव परीक्षेचा पेपर त्यांनी स्वतः काढला आणि दहावीच्या दुसऱ्या तुकडीला पूर पाठ करायला लावला. पेपर फुटू नये म्हणून निबंधाचा विषय त्यांनी ऐन वेळी बदलला: आठवड्याचा बाजार. दुसऱ्या तुकडीने पुरावरच हात चालवला. मुलं बाजाराला निघाली, वाटेत आभाळ भरून आलं आणि बांध फुटला. तपासायला बसलेले लीलाकांत सर गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

"बाइदेउ, तेवीस मुलांचे काका एकाच पुरात वाहून गेलेत. एकाच वाक्यात. एकाच म्हशीला धरून."

"म्हैस तरी वाचली का?"

ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही तुकड्यांना तरालीची भिंत दाखवायला आणलं.

तोवर गावात कुजबुज सुरू झाली होती. कुणा पालकाने जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीत लेखी तक्रार केली: नाहरतलीत नापास झालेली मुलगी शिकवते आणि भिंतीवर चुकीचं इंग्रजी लावतात. तक्रार कुणी केली ते मला कळलं, आणि तो कुठे शिकवणी चालवतो तेही. पण त्याच्या दारात जाण्याइतका वेळ मला नव्हता.

फाल्गुनात प्रबोध काकती नावाचे अधिकारी चौकशीला आले. उंच, कमी बोलणारे, खिशात दोन पेनं. लीलाकांत सरांनी त्यांना सुपारी दिली, चहा दिला, तिळाचे पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या गोड सुरळ्या, दिल्या. त्यांनी सुपारी घेतली आणि थेट भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. पहिल्यापासून त्रेचाळिसाव्या चुकीपर्यंत वाचत गेले. 'दुवरा बाइदेउ' हे नाव आलं तिथे जरा थांबले.

"हे तुम्हीच?"

"मीच."

"हम्." मग म्हणाले, "बाइदेउ, तुमचा हेतू कळतो. पण हे उतरवा. चुकीचं वाक्य मुलाच्या डोळ्यांसमोर असू नये, असं आम्ही प्रशिक्षणात सांगतो."

"उतरवते," मी म्हणाले. "आधी मुलांना काही विचारा. मग तुम्ही सांगाल तसं."

त्यांनी भृगुला उभं केलं आणि मधल्या रकान्यावर बोट ठेवलं. "'टू बुक' यात चूक काय?"

"शेपूट नाही, सर. आपल्या भाषेत दोन म्हटलं की ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी समजून घेत नाही. तिला प्रत्येक शब्दाकडून वेगळी कबुली लागते."

"आणि 'डिड नॉट वेंट'?"

"तिथे एकाने कबुली दिली की पुरते. असं का, ते बाइदेउंना माहीत नाही. आम्ही शोधतोय."

काकती साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी सगळ्यांना कागद काढायला लावले आणि विषय दिला: तुमच्या घरासमोरचा रस्ता, दहा ओळी, वीस मिनिटं. तो विषय कुठल्याही गाइडमध्ये नव्हता. मला त्या वीस मिनिटांत काळजी वाटली असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी खिडकीशी उभी राहून मुलांचे हात पाहत होते. एकही हात थांबला नव्हता, एकही मान छपराकडे पाहत नव्हती. पाठ केलेलं आठवणाऱ्या मुलाचे डोळे नेहमी वर जातात. इथे सगळे डोळे कागदावर होते.

साहेबांनी कागद गोळा केले आणि माझ्याच खुर्चीत बसून वाचले. चुका होत्या, भरपूर होत्या. पण कुणाचे काका वाहून गेले नव्हते. एकीच्या रस्त्यावर चहामळ्याचा ट्रक रुतला होता आणि अख्खं गाव ढकलायला आलं होतं. एकाच्या रस्त्यावर कुत्रं झोपायचं, त्यामुळे सगळ्या सायकलींनी तिथे वळण घेतलं होतं आणि रस्ताच वाकडा झाला होता. एका मुलाने शेवटच्या ओळीतल्या शब्दाभोवती स्वतःच गोल काढून खाली लिहिलं होतं, इथे काहीतरी चुकलंय, काय ते कळत नाही.

तो कागद साहेबांनी बराच वेळ हातात धरला.

"चुकीचं उघडं आणि बरोबरही उघडं, एवढंच मला खटकतं," ते अखेर म्हणाले. "मूल दोन्ही नुसतं वाचून पुढे जाईल."

शेवटच्या बाकावरून तराली उठली. "मग बरोबर वाक्य झाकू या, सर. वरून कागदाची झडप लावू. आधी स्वतः दुरुस्त करायचं, मग झडप उचलून बघायचं."

"तू कोण?"

"मी तराली चेतिया. तक्रारीत लिहिलेली नापास मुलगी. पण सर, मी शाळेत नापास झाले नव्हते. अठ्ठावन्न मार्क होते. मी मुलाखतीत नापास झाले."

"कशामुळे?"

"पोट चालवलं म्हणून," ती म्हणाली आणि वर्ग खदखदून हसला. तराली सगळ्यांत मोठ्याने हसली. आता त्यांना चूक कळत होती, तिलाही कळत होती. ऑक्टोबरातला तो गप्प वर्ग मला आठवला.

काकती साहेबांना ते 'पोट चालणं' समजावून सांगावं लागलं नाही. ते आमच्यातलेच. मात्र हसू आवरल्यावर ते म्हणाले, "आमच्या वेळी मीही 'फीव्हर क्लाइंबिंग' लिहिलंय. मार खाल्ला होता. कारण आज कळलं." त्यांनी अहवालात काय लिहिलं मला ठाऊक नाही, पण निघताना त्यांनी त्या त्रेचाळीस चुकांची नक्कल मागितली. तरालीने लिहून देईन म्हटलं, पण शेवटी दहा पानं कोरी सोडेन. दुसऱ्या शाळांतली मुलं त्यांच्या चुका त्यात घालतील. साहेबांनी ते मान्य केलं.

झडपा लागल्या. लीलाकांत सरांनी शाळेच्या खर्चाने डिंक आणला, त्यांच्या दृष्टीने ही मोठीच शरणागती होती.

मॅट्रिकचा निकाल ज्येष्ठ महिन्यात लागला. इंग्रजीत नऊ जण नापास झाले. नऊसुद्धा का गेले ते मी एकेकाच्या घरी जाऊन पाहिलं. सहांनी पुरवणी परीक्षा दिली आणि पाच सुटले. मी पेढे वाटले नाहीत. अजून चार जण उरले होते, त्यांना रोज संध्याकाळी ओट्यावर बसवलं.

तरालीची मुलाखत निकालाच्याच आठवड्यात दिब्रुगढला होती, दुसऱ्या एका नर्सिंगच्या शाळेत. मी सोबत येऊ का विचारलं तर नको म्हणाली. "तुम्ही दाराबाहेर असलात की मी तुमच्यासाठी बोलेन." डिंबेश्वरांनी टपरी बंद ठेवली आणि तेच गेले. तिथे काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. डिंबेश्वरांच्या सांगण्यात दरवाजा बंद होता आणि आतून कुणाचाच हसण्याचा आवाज येत नव्हता, म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

तरालीने सांगितलं ते असं. टेबलापलीकडे एक वयस्क बाई होत्या, केस पांढरे, मनगटावर मोठं घड्याळ. त्यांनी विचारलं, आजाऱ्याची सेवा कधी केली आहेस का? तरालीने आजीबद्दल सांगायला सुरुवात केली. "थ्री इयर" म्हणाली आणि थांबली. मग शांतपणे म्हणाली, "थ्री इयर्स." आणि पुढे बोलत राहिली.

बाईंनी तिला मध्येच थांबवलं. "आत्ता तू स्वतःला दुरुस्त केलंस. का?"

"कारण माझ्या भाषेत तीन म्हटलं की पुरतं, मॅडम. इंग्रजीत पुरत नाही. मला ते माहीत आहे, पण माझ्या जिभेला अजून पूर्ण माहीत झालेलं नाही. म्हणून मी तिच्यावर लक्ष ठेवते."

"औषधाच्या गोळ्या देतानाही असंच लक्ष ठेवशील?"

"त्याहून जास्त. वाक्य पुन्हा बोलता येतं, मॅडम. गोळी परत घेता येत नाही."

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी पत्र आलं. डिंबेश्वर ते घेऊन भर तासाला वर्गात शिरले, पायातल्या चपलांसकट, आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, "बाइदेउ, वाचा. मोठ्याने वाचा. इंग्रजीतच वाचा." मी वाचलं. त्यांना अर्थ कळला नाही, पण मुलांना कळला, आणि मुलांच्या ओरडण्यातून त्यांना सगळं समजलं. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि खांद्यावरच्या लाल काठाच्या गमोशाने तोंड पुसू लागले.

तराली श्रावणात गेली. बसमध्ये चढताना तिने माझ्या पायांना हात लावला, मी तिला वर ओढलं. मी विचारलं, "डबा घेतलास ना?" आणि ती म्हणाली, "घेतला." कंडक्टरने घंटी मारली.

ती गेल्यावर शेवटच्या बाकावर कोण बसणार यावरून नववीत भांडणं लागली. मी निवडणूक घेतली नाही. आळीपाळीने बसा म्हटलं. आता दर आठवड्याला एक मूल वही घेऊन मागे बसतं आणि बाकीच्यांवर, माझ्यावरही, नजर ठेवतं. यादी एकशे सहावर गेली आहे. माझ्या नावापुढे चार आहेत. गेल्या मंगळवारी एका पोरीने पाचवी सापडली म्हणून हात वर केला. ती चूक होती की नाही यावर आम्ही तास संपेपर्यंत भांडलो, आणि मी अजूनही म्हणते की ती चूक नाही. शब्दकोश आणायला तिला पोस्टमास्तरांकडे पाठवलंय.